व्यत्यय-हाताळणी, परिचालन प्रणालीतील

संगणकाचा प्रक्रियक एखादी आज्ञावली कार्यान्वित करीत असताना बाहेरील उपकरणाकडून संकेत आल्यास तो चालू काम तात्पुरते थांबवून एका पूर्वनियोजित आज्ञावलीकडे वळतो. या घटनेस व्यत्यय किंवा इंटरप्ट असे म्हणतात. कळफलकावरील कळ दाबली जाणे, चकतीवरील माहितीचे वाचन पूर्ण होणे, जालावरून संदेश येणे, घड्याळाचा ठोका पडणे ही व्यत्ययाची नेहमीची कारणे होत. व्यत्ययाची दखल घेणे, त्याचे मूळ शोधणे, आवश्यक ती सेवा देणे व थांबवलेले काम जसेच्या तसे पुन्हा सुरू करणे ही कार्ये परिचालन प्रणालीच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये होतात [→ परिचालन प्रणाली]. गाभ्याचा हा भाग आकाराने लहान असला, तरी बाकीची सर्व प्रणाली त्यावर विसंबून असते. त्यातील चुका चाचणीत क्वचितच सापडतात. त्यामुळे त्याची रचना वेळोवेळी सुटसुटीत करणे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब राहत नाही, तर विश्वासार्हतेची पूर्वअट ठरते. प्रस्तुत नोंदीत या पुनर्रचनेची कारणे व पद्धती मुख्यतः लिनक्स या प्रणालीच्या आधारे दिल्या आहेत. या प्रणालीची मूळ आज्ञावली खुली असल्याने तीत झालेले बदल क्रमवार पाहता येतात.

इतिहास : प्रारंभीच्या संगणकांत उपकरणाचे काम संपले की नाही, हे प्रक्रियकास पुनःपुन्हा तपासावे लागे. प्रक्रियक व उपकरणे यांच्या वेगांत मोठी तफावत असल्याने या तपासणीत बराच वेळ वाया जाई. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने १९५४ मध्ये तयार केलेल्या डायसिॲक या संगणकात आदान-प्रदानासाठी व्यत्ययाचा उपयोग करण्यात आला. नेदर्लंड्समध्ये इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या यंत्राच्या आराखड्यात व्यत्ययाची सोय करण्याचे ठरले, तेव्हा त्याच्या आज्ञावलीची जबाबदारी असलेले एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी प्रथम तीस विरोध केला. तोपर्यंत तेच काम पुन्हा केले असता यंत्र तसेच वागेल, अशी खात्री असे. व्यत्यय मात्र कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतो व तो क्षण पुन्हा जसाच्या तसा निर्माण करता येत नाही. तेव्हा चुकीचा माग घ्यायचा तरी कसा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्यांनीच ही हाताळणी लिहिली व १९५९ मधील आपल्या प्रबंधात तिचे विवेचन केले. १९६८ मध्ये वर्णन केलेल्या ‘टीएचई’ या बहुस्तरीय प्रणालीत त्यांनी प्रक्रियकाचे वाटप व घड्याळाचे व्यत्यय सर्वांत खालच्या स्तरात बंदिस्त केले. त्यामुळे वरच्या स्तरांना प्रक्रियक कोणत्या क्षणी कोणाकडे आहे याचा विचार करण्याची गरज उरली नाही. अवघड गोष्ट एका जागी कोंडून ठेवावी, हे तत्त्व नंतरच्या सर्व पुनर्रचनांच्या मुळाशी आहे.

कार्यपद्धती : उपकरणांचे संकेत प्रथम व्यत्यय-नियंत्रकाकडे येतात. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात इंटेल ८२५९ हा ८ मार्गांचा एक नियंत्रक होता. १९८४ च्या एटी प्रतिमानात असे दोन नियंत्रक एकमेकांस जोडल्याने उपयोगात आणता येणारे १५ मार्ग मिळाले. संकेत मिळाल्यावर प्रक्रियक हाती घेतलेली सूचना पूर्ण करतो, पुढील सूचनेचा पत्ता व स्वतःची स्थिती स्मृतीत जपून ठेवतो आणि एका कोष्टकातून सेवा-आज्ञावलीचा पत्ता घेऊन तिकडे वळतो. इंटेल ८०८६ च्या वंशातील प्रक्रियकांत या कोष्टकात २५६ नोंदी असतात. सेवा पूर्ण झाल्यावर जपलेली स्थिती परत भरली जाते. ज्या आज्ञावलीचे काम थांबले होते, तिला मध्यंतरी काही घडल्याची जाणीवही नसते.

संकेताचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. पातळी-प्रवर्तित प्रकारात उपकरण शांत केले जाईपर्यंत संकेत टिकून राहतो. म्हणून सेवा चालू असताना तो मार्ग रोखून धरला नाही, तर तोच व्यत्यय पुनःपुन्हा येत राहतो. कडा-प्रवर्तित प्रकारात संकेत बदलतो त्या क्षणीच व्यत्यय नोंदला जातो. मार्ग रोखलेला असताना आलेला संकेत लक्षात ठेवला नाही, तर तो कायमचा हरवतो. म्हणजेच एका प्रकाराला योग्य असलेली कृती दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते.

दोषांचे स्वरूप : एका गणकात ४१ हा आकडा आहे व तो एकाने वाढवावयाचा आहे, असे समजू. मुख्य आज्ञावली स्मृतीतून ४१ वाचते. तेवढ्यात व्यत्यय येतो आणि सेवा-आज्ञावली तोच गणक वाढवून ४२ करते. मुख्य आज्ञावली परत सुरू झाल्यावर आपल्याजवळच्या ४१ मध्ये एक मिळवून पुन्हा ४२ च लिहिते. दोन वाढींपैकी एक नाहीशी झालेली असते. अशी गफलत लाखो वेळांतून एखाद्या वेळी घडते व तपासावयास जावे तर घडत नाही. गणकाच्या जागी चकतीवरील जागांची यादी असेल, तर वापरणाऱ्याची माहितीच नष्ट होते.

यावर उपाय म्हणून सामायिक माहितीला आज्ञावलीतील कुलूप लावतात. परंतु त्यातही धोका आहे. मुख्य आज्ञावलीने कुलूप लावले असताना त्याच प्रक्रियकावर व्यत्यय आला आणि सेवा-आज्ञावली तेच कुलूप उघडण्याची वाट पाहू लागली, तर ते कधीच उघडत नाही. कारण ज्याने ते उघडावयाचे, तोच थांबवला गेलेला असतो. म्हणून अशा ठिकाणी कुलूप लावण्यापूर्वी त्या प्रक्रियकावरील व्यत्यय रोखावे लागतात व काम होताच पूर्वस्थिती आणावी लागते. हे रोखणे लांबल्यास घड्याळाचे ठोके उशिरा नोंदले जातात आणि जालावरील संदेश गळतात.

तातडीचे व लांबणीवरचे काम : यामुळे सेवेचे दोन भाग करण्याची पद्धत रूढ झाली. उपकरणास पोच देणे व त्याची माहिती उचलून घेणे एवढेच काम तत्काळ होते. उरलेले काम व्यत्यय पुन्हा खुले करून मागाहून केले जाते. लिनक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत मागाहून करावयाच्या कामांसाठी ३२ ठराविक जागा होत्या आणि संपूर्ण यंत्रात एका वेळी त्यांपैकी एकच काम चाले. अनेक प्रक्रियकांच्या यंत्रांत हे बंधन जाचक ठरले. २००१ च्या २.४ या आवृत्तीत एकाच वेळी अनेक प्रक्रियकांवर चालू शकणारी यंत्रणा आली आणि २.५ या विकासमालिकेत जुन्या जागा काढून टाकण्यात आल्या.

सार्वत्रिक बंदीचे उच्चाटन : पूर्वी कोणतीही शंका आली, की सर्व प्रक्रियकांवरील व्यत्यय एकदम बंद करण्याची आज्ञा वापरण्याचा प्रघात होता. हा उपाय सोपा वाटे. पण त्यावरून नेमक्या कोणत्या माहितीचे रक्षण चालले आहे, हे वाचणाऱ्यास कळत नसे. संरक्षण होते, परंतु ते कशाचे हे कोठेही लिहिलेले नव्हते. जुलै २००२ मधील २.५.२८ या आवृत्तीत इंगो मोल्नार यांनी बहुप्रक्रियक यंत्रांसाठी ही आज्ञाच काढून टाकली. तिच्यावर विसंबलेल्या चालक आज्ञावली त्यामुळे तयारच होईनात आणि त्यांच्या लेखकांना प्रत्येक सामायिक माहितीसाठी वेगळे कुलूप नेमावे लागले. गुपचूप चालणारी चूक उघड्या अडथळ्यात बदलणे, हे या पुनर्रचनेचे मर्म होय. याच विचाराच्या ओघात संपूर्ण गाभ्याला मिळून असलेले मोठे कुलूपही २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीतून गेले.

सामायिक चौकट : लिनक्स अनेक प्रकारच्या प्रक्रियकांवर चालू लागले, तेव्हा व्यत्यय-हाताळणीच्या आज्ञावल्याही अनेक झाल्या. एकीतील दोष सुधारला, तरी तो दुसरीत तसाच राही. शिवाय पातळी, कडा इत्यादी सर्व प्रकारांचा विचार एकाच भल्यामोठ्या आज्ञावलीत गुंतलेला होता. रसेल किंग यांनी एआरएम प्रक्रियकांसाठी प्रत्येक प्रकारास स्वतंत्र व छोटी आज्ञावली देण्याची रीत पाडली होती. तिच्या आधारे थॉमस ग्लाइक्सनर व इंगो मोल्नार यांनी सर्वांसाठी एक चौकट रचली व ती २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तीत तीन गोष्टी एकमेकींपासून अलग केल्या आहेत : नियंत्रकाचा मार्ग रोखणे, खुला करणे किंवा त्यास पोच देणे या मूलभूत कृती, संकेताच्या प्रकारानुसार या कृतींचा क्रम, आणि उपकरणाची प्रत्यक्ष सेवा. यामुळे नवा नियंत्रक आल्यास फक्त पहिला भाग लिहावा लागतो. त्याच वर्षी डेव्हिड हाउएल्स यांनी प्रत्येक सेवा-आज्ञावलीकडे दिला जाणारा, परंतु फारच थोड्यांना उपयोगी पडणारा तिसरा घटक काढून टाकला. बदल लहान होता, पण तो शेकडो चालक आज्ञावलींत एकाच वेळी करावा लागला.

एकाच मार्गावर अनेक उपकरणे असल्यास कोणाची सेवा करावयाची हा प्रश्न उद्‍भवतो. २००३ पासून प्रत्येक सेवा-आज्ञावलीने ‘हा व्यत्यय माझा होता’ किंवा ‘माझा नव्हता’ असे उत्तर देणे आवश्यक करण्यात आले. एखाद्या मार्गावरील १,००,००० व्यत्ययांपैकी ९९,९०० हून अधिक व्यत्ययांना कोणीच वाली नाही असे आढळल्यास गाभा तो मार्ग बंद करतो व तशी नोंद करतो. पूर्वी अशा बिघाडात संपूर्ण यंत्र कारण न कळता थिजून जाई.

व्यत्ययांचा पूर : जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये असे दाखवून दिले, की संदेशांचा ओघ फार वाढल्यास प्रक्रियकाचा सर्व वेळ व्यत्यय स्वीकारण्यातच जातो आणि एकही संदेश शेवटापर्यंत पोहोचत नाही. यावरील उपाय म्हणजे जुन्या तपासणीच्या पद्धतीचा मर्यादित पुनर्वापर होय. लिनक्समध्ये पहिल्या संदेशाबरोबर त्या उपकरणाचे व्यत्यय रोखले जातात व साठलेले संदेश, सामान्यतः एका फेरीत ६४ पर्यंत, गाभा स्वतः उचलतो. संदेश संपले की व्यत्यय पुन्हा खुले होतात.

तंतूंद्वारे हाताळणी : २००९ मधील २.६.३० या आवृत्तीपासून सेवेचा मोठा भाग स्वतंत्र तंतूकडे म्हणजे थ्रेडकडे सोपवता येतो. अशा तंतूस इतर कामांप्रमाणे अग्रक्रम देता येतो. ठराविक वेळेत प्रतिसाद देणे बंधनकारक असलेल्या यंत्रांसाठी ही सोय मोलाची आहे. अशा यंत्रांकरिता अनेक वर्षे वेगळी ठेवावी लागलेली सुधारणा तिच्या पायावर अखेर २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मूळ प्रणालीत सामील झाली. दरम्यान २०२० मध्ये गाभ्याच्या प्रवेशद्वाराशी असलेली, बरीचशी यंत्रनिकट भाषेतील आज्ञावलीही पुन्हा लिहून शक्य तेथे सी भाषेत आणली गेली.

पुनर्रचनेतही धोका असतो. जुन्या आज्ञावलीतील निरुपयोगी वाटणारी ओळ एखाद्या सदोष उपकरणासाठी मुद्दाम घातलेली असू शकते व तिचे कारण लिहिलेले नसते. म्हणून बदल लहान टप्प्यांत करणे, प्रत्येक टप्प्याचे कारण नोंदवणे आणि वर्तन बदलणारे व केवळ रचना बदलणारे बदल वेगळे ठेवणे ही पथ्ये पाळली जातात. डाइक्स्ट्रा यांची मूळ अडचण यंत्रे कितीतरी वेगवान होऊनही नाहीशी झालेली नाही : व्यत्यय कोणत्या क्षणी येईल, हे आजही सांगता येत नाही. चाचणीने सर्व क्षण तपासणे अशक्य असल्याने आज्ञावली वाचूनच तिच्या बरोबरपणाची खात्री करून घ्यावी लागते आणि त्यासाठी ती वाचून समजण्याजोगी असावी लागते.