झाँबीपुढे रणगाड्याचं काय चालणार?

झाँबींच्या सिनेमात लष्कर आलं की प्रेक्षक हुश्श करतात आणि पुढच्या दहा मिनिटांत लष्कर हरतं. दिग्दर्शकाला गोष्ट लांबवायची असते, हे आहेच. पण शस्त्रं काम कसं करतात ते पाहिलं, तर ती हार तितकीशी खोटी वाटत नाही.

तोफांचा मारा जितकी माणसं मारतो, त्याहून कितीतरी अधिक माणसांना जागीच खिळवून ठेवतो. गोळे पडू लागले की सैनिक खंदकात दडतात, हल्ला थंडावतो. एक जखमी झाला की त्याला उचलण्यात आणखी दोघे अडकतात. जवळच्या स्फोटाच्या दाबाने फुप्फुसं फाटतात. झाँबी घाबरत नाही, सोबत्याला उचलत नाही, श्वासही घेत नाही. पाय तुटला तर सरपटत येतो. थोडक्यात, डोक्यात घुसलेल्या किरचेचाच काय तो उपयोग. मॅक्स ब्रूक्सच्या ‘वर्ल्ड वॉर झी’ (2006) या कादंबरीत याँकर्सच्या लढाईत अमेरिकी सैन्य याच कारणाने तोंडावर आपटतं. पुढे सावरतं ते रायफलींनी, रांगेत उभं राहून एकेक डोकं टिपत.

मग रणगाडा? आत बसलेल्यांना झाँबीचे दात लागणार नाहीत, हे कबूल. पण त्याचा चिलखतभेदी गोळा म्हणजे धातूचा लांब बाण. तो गर्दीतून आरपार जाईल, बाकीचे चालत राहतील. अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्याकडे गर्दीसाठी वेगळा गोळा आहे, टंगस्टनच्या सुमारे 1100 गोळ्या एकदम उधळणारा. तो कामाचा. मात्र सगळ्या प्रकारचे मिळून गोळे मावतात चाळीसेक.

खरी अडचण टाकीत आहे. अब्राम्समध्ये 1900 लिटरच्या आसपास इंधन बसतं आणि त्यावर तो सव्वाचारशे किलोमीटर जातो. म्हणजे किलोमीटरला साधारण साडेचार लिटर! टर्बाइन इंजिन असल्याने नुसता उभा असला तरी पितच राहतो. मागे टँकर, दुरुस्तीची गाडी, सुटे भाग हे सगळं लटांबर हवं. रिफायनरीतले कामगारच झाँबी झाले असतील, तर साठ टनांहून जड असं ते धूड पहिल्या आठवड्यातच रस्ता अडवून बसेल.

‘झोंबिवली’ हा मराठी सिनेमा पाहिलेल्यांनी डोंबिवलीच्या गल्लीत असा रणगाडा वळवून दाखवावाच. त्यापेक्षा सोसायटीभोवती खोल चर खणावा. त्याला जेसीबी पुरतो, आणि तो चालवणारा कुठल्याही नाक्यावर मिळतो.