गादीवरचा माणूस सुखी असतो का?

महाराजांच्या पायांवर डोके ठेवताना आपण त्यांना काय काय सांगत नाही! मुलीचे लग्न जमत नाही, मुलाला नोकरी नाही, दुखणे हटत नाही, भावकीतला वाद मिटत नाही. महाराज ऐकून घेतात, हातावर खडीसाखर ठेवतात आणि आपण हलके होऊन घरी परततो. परंतु 'महाराज, आपण स्वतः सुखी आहात ना?' असे विचारून परतलेला भक्त माझ्या पाहण्यात नाही. तो प्रश्न आपल्याला सुचत नाही, आणि सुचलाच तर उद्धटपणाचा वाटतो. ज्याने आम्हांला सुखाची वाट दाखवायची तो सुखी असणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. दिवाळीच्या या चार निवांत दिवसांत त्या गृहीताची थोडी उलटतपासणी करावी, असा माझा विचार आहे.

मी राहतो त्या गेवराईत या विषयाला तोटा नाही. उत्तरेला गोदावरी, तिच्या वरच्या अंगाला नाथांचे पैठण. पलीकडच्या तीरावर, जालना जिल्ह्यात, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब. आमच्याच तालुक्यात नदीकाठी शनीचे राक्षसभुवन, जेथे १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला. आणि बीडच्या बाजूला डोंगरांवरचे गड. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातील ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. निघण्यापूर्वी अनेकांची पावले एखाद्या गडाकडे किंवा मठाकडे वळतात. कचेरीत ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याचे तेथे ऐकले जाते. म्हणून गादीवर बसलेल्या माणसाविषयी उपहासाने लिहिण्याची मला इच्छा नाही.

हा विषय डोक्यात शिरला तो माझ्या बी. ए. च्या वर्गातील एका विद्यार्थ्यामुळे. त्याचे चुलते एका लहानशा मठाचे अधिपती. वय झालेले, गुडघे धरलेले. त्यांच्यामागे गादी या मुलाने चालवावी, असे घरच्यांनी ठरवत आणले होते. तास संपल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सर, नोकरी नाही आवडली तर राजीनामा देता येतो. ही गादी घेतली तर जन्माची. तुम्ही संतवाङ्मय शिकवता, म्हणून विचारतो. जन्मभर हे करून माणूस सुखी होतो का?"

संतवाङ्मयावर मी वीस वर्षे प्रश्नपत्रिका काढीत आलो आहे. पण हा प्रश्न मी कधी काढलेला नव्हता. मी त्याला आठ दिवसांची मुदत मागितली.

सुरुवात समर्थांपासून करणे भाग होते, कारण संघटना बांधून, मठांचे जाळे विणून जन्मभर धर्माचे नेतृत्व करणारा एवढा मोठा पुरुष आमच्या शेजारचाच. जन्म १६०८ चा. बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेले. पुढे बारा वर्षे नाशिकजवळच्या टाकळीला तप, बारा वर्षे देशाटन, मग कृष्णाकाठ, चाफळचे राममंदिर, अकरा मारुती आणि ठिकठिकाणचे मठ. आता त्यांची करुणाष्टके आठवा. दिवेलागणीला ती आपल्या घरांतून किती पिढ्या म्हटली गेली! चाल इतकी ओळखीची की अर्थाकडे लक्ष जात नाही. लक्ष देऊन ऐकले तर तो एका तळमळणाऱ्या, स्वतःवर रुष्ट झालेल्या, एकाकी माणसाचा आवाज आहे. त्याला कोणी सुखी म्हणणार नाही.

परंतु दासबोधातील समर्थ पाहावेत तर ते निराळे. वीस दशक, दोनशे समास. त्यांत ते आळशांना फटकारतात, मूर्खांची लक्षणे मजेत मोजतात, अक्षर वळणदार कसे काढावे हेसुद्धा सांगतात. कामात मन रमलेल्या माणसाची ती प्रसन्नता आहे. आणि महंताविषयी ते जे सांगतात ते मला या प्रश्नात सर्वांत मोलाचे वाटते. महंताने माणसे पारखावीत, कामे वाटून द्यावीत, आपल्यासारखे दुसरे महंत तयार करावेत; लोकांत वावरावे, पण एकांत सोडू नये. त्यांनी हे करूनही दाखविले. कल्याणस्वामींना डोमगावी बसविले, आणि वेणाबाईंसारख्या बालविधवेला त्या काळात कीर्तनाला उभे करून मिरजेचा मठ सोपविला. १६७६ पासून ते सज्जनगडावर राहिले, तेव्हा ठिकठिकाणचे काम सांभाळणारी माणसे तयार झालेली होती. ओझे वाटून देण्याची सोय त्यांनी ओझे उचलतानाच करून ठेवली होती.

जन्मभराच्या गादीचा हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत यूटा नावाचे संस्थान आहे. तेथील सॉल्ट लेक सिटी हे मॉर्मन पंथाचे मुख्य ठाणे. हा ख्रिस्ती परंपरेतून निघालेला पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली स्थापला. त्यांच्याकडची एक रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. गावपातळीवरचा त्यांचा धर्मप्रमुख, म्हणजे बिशप, पगारी नसतो. कोणी दुकानदार असतो, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर. पोटाचा उद्योग सांभाळून तो सुमारे पाच वर्षे मंडळीची सुखदुःखे पाहतो. मग एके दिवशी त्याला मोकळे करतात, आणि पुढच्या रविवारी तो बायकामुलांसह इतरांच्या ओळीत जाऊन बसतो.

शिखरावर मात्र नेमके उलटे. पंथाचे अध्यक्ष आणि बारा प्रेषित ही पदे मरेपर्यंतची. अध्यक्ष वारले की प्रेषितांत जो सर्वांत आधीपासूनचा, तो त्यांच्या जागी येतो. साहजिकच अध्यक्षपद येते तेच उतारवयात. एझ्रा टॅफ्ट बेन्सन हे एके काळी अमेरिकेचे शेतीमंत्री. १९८५ साली अध्यक्ष झाले. अखेरची काही वर्षे आजारामुळे त्यांना लोकांसमोर बोलताही येत नव्हते, तरी १९९४ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत पद त्यांच्याकडेच राहिले. उलट रसेल नेल्सन हे हृदयाचे शल्यविशारद. २०१८ साली त्र्याण्णवाव्या वर्षी अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या सप्टेंबरात एकशे एकाव्या वर्षी वारले. परिस्थिती कशी आहे यावर आनंद फारसा अवलंबून नसतो, आपले लक्ष कशावर आहे यावर तो असतो, असे ते २०१६ च्या एका प्रवचनात सांगून गेले. आपल्या कीर्तनकारांनाही हे परके वाटणार नाही. त्यांच्यामागून आलेले डॅलिन ओक्स पूर्वीचे न्यायाधीश. तेही त्या वेळी त्र्याण्णव वर्षांचे.

एकाच आसनावरील दोन माणसे. एकाची अखेर अशी, दुसऱ्याची तशी. तेव्हा आसन सुख देते असेही नाही आणि हिरावून घेते असेही नाही. पण उतरण्याची वाट असणे आणि नसणे, यात फार फरक आहे. २०१३ साली पोप बेनेडिक्ट यांनी शक्ती उरली नाही असे सांगून पद सोडले, तेव्हा जग चकित झाले. कारण जवळजवळ सहाशे वर्षांत कोणा पोपने तसे केले नव्हते. नंतरची नऊ वर्षे ते व्हॅटिकनमधल्याच एका मठात प्रार्थना, वाचन करीत राहिले. त्यामुळे त्यांचा देव त्यांच्यावर रागावला असेल, असे मला वाटत नाही.

ही सारी टिपणे मी एका रात्री घरात वाचून दाखविली. आमच्या सौ. चकलीची भाजणी चाळीत होत्या. चाळण खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, गादीवर बसलेल्यांचं सगळं सांगितलंत. त्यांच्या घरच्यांचं कोण सांगणार?"

प्रश्न रास्त होता. समर्थ बोहल्यावरून निघून गेले, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीची चौकशी करीत नाही. तुकोबांच्या आवलीला आपण कजाग ठरवून मोकळे झालो. नाथ तर गृहस्थाश्रमी, शांतिब्रह्म म्हणून नावाजलेले. पण पोटचा मुलगा हरिपंडित वडिलांचे मराठीतून सांगणे, सर्वांघरी जेवणे न पटून काशीला निघून गेला, असे परंपरा सांगते. ज्याच्या दारी सारे पैठण येई, त्याच्या घरातला एक पाट मांडल्यावाचून राहत असे.

गाडगेबाबांनी तर गादी मांडलीच नाही. मी कोणाचा गुरू नाही आणि मला कोणी शिष्य नाही, हा त्यांचा बाणा. १९०५ साली घर सोडले ते १९५६ साली देह ठेवीपर्यंत दिवसा खराटा, रात्री कीर्तन. धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण घरच्यांना त्यांचा लाभ मिळू दिला नाही. १९२३ साली कोकणात खारेपाटणला त्यांचे कीर्तन रंगले असताना एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबले नाही. त्या क्षणी तो माणूस सुखदुःखापलीकडे गेलेला होता, असे आपण म्हणतो. असेलही. परंतु त्यांच्या पत्नी कुंताबाई सुखदुःखाच्या अलीकडेच होत्या, आणि त्यांच्यासाठी कीर्तन नव्हते.

ही अलीकडची बाजू आपल्या भाषेत सर्वांत मोकळेपणाने सांगितली ती लक्ष्मीबाई टिळकांनी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला; पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईही त्या धर्मात गेल्या. टिळक हातचे देऊन टाकणारे, धुनी, निर्मळ मनाचे. आयुष्याच्या अखेरीस मिशनची नोकरीही सोडून ते 'देवाच्या दरबारा'च्या मागे लागले, आणि १९१९ साली वारले. १९३४ पासून निघालेली 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण पानोपानी हसतो, आणि हसता हसता लक्षात येते की टिळकांच्या आनंदाचा खर्च बराचसा लक्ष्मीबाईंच्या पदरातून झालेला आहे. तरीही त्या पुस्तकात कडवटपणा नाही, कारण पुढे त्या स्वतःही त्या कामात उभ्या राहिल्या. वाट्याला फक्त सोसणे येण्याऐवजी कामही आले, की माणसाचा हिशेब बदलतो.

आठ दिवसांनी मी त्या विद्यार्थ्याला म्हणालो, "गादीत सुख आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. तू तीन गोष्टी विचारून घे. आज माझ्याने होत नाही, असे ज्याच्यापाशी म्हणता येईल असा एक तरी माणूस तेथे आहे का? उद्या लग्न केलेस तर त्या मुलीला सारे आधी सांगून तिची संमती घेता येईल का? आणि तुझ्यामागचा माणूस तयार करून, जिवंतपणी बाजूला होण्याची मुभा आहे का? तिन्हींना 'होय' असे उत्तर आले तर खुशाल बस."

तो गेला आणि दोन दिवसांनी मलाच मठात घेऊन गेला. चुलत्यांना भेटायचे होते. म्हातारे मोठे गोड. चहा झाल्यावर आपणहून म्हणाले, "मास्तर, पोराने तुमचे तीन सवाल सांगितले. खोटं कशाला बोलू? सप्त्याच्या काल्याला हजार पानं उठताना बघितली की माझं पोट भरतं. हे सुख दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही. पण माय गेली तेव्हा मला रडता आलं नाही. लोक म्हणाले असते, महाराज असून रडतात! दिवसभर गादीवर ताठ बसलो. रात्री गोठ्यात जाऊन रडलो, तेही तोंडात उपरणं कोंबून." थोडे थांबून पुन्हा म्हणाले, "हे सवाल मला चाळीस वर्षांखाली कोणी सांगितले असते, तर गादी मी तरीही घेतली असती. पण गोठ्यात गेलो नसतो."

त्या मुलाने काय केले, हे वाचकांना जाणावेसे वाटेल. त्याने आधी पदवी पुरी करण्याची आणि मठाचा हिशेब पंचांकडे देण्याची अट घातली. चुलत्यांनी ती मानली. घरच्या काही मंडळींना अजून ती रुचलेली नाही.

मला मात्र त्या गोठ्याने अस्वस्थ केले. म्हाताऱ्यांना तेथे कोणी पाठविले? देवाने नव्हे, धर्माने नव्हे. समर्थांनी तर आपली तळमळ लपविली नाही. ती करुणाष्टकांत सर्वांसमोर मांडून ठेवली, आणि त्यामुळे त्यांचे मोठेपण तसूभर कमी झाले नाही. महाराजांनी थकू नये, आजारी पडू नये, रडू नये, ही अट आपली, भक्तांची आहे. आपली दुःखे ठेवायला आपल्याला एक पक्की भिंत हवी असते, आणि भिंतीला पाझर फुटलेला आपल्याला चालत नाही. जन्मभर लोकांची सेवा करण्यात आनंद आहे, याची साक्ष त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी ऐकली. तो आनंद त्यांना पुरा भोगू द्यायचा की नाही, हे बरेचसे आपल्या हाती आहे.

या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळजण कोणा ना कोणा महाराजांच्या दर्शनाला जातील. नमस्कार करावा, प्रसाद घ्यावा, मनातले सांगावे. मग उठण्यापूर्वी क्षणभर थांबून, त्यांचे गुडघे कसे आहेत आणि रात्री झोप लागते का, एवढे विचारावे. आणि ते बोलू लागले, तर घाई न करता ऐकून घ्यावे.