बुऱ्हाणपूरची मराठी आणि राजकीय पक्ष

आगगाडीने रावेर ओलांडले की थोड्याच वेळात तापीकाठचे बुऱ्हाणपूर लागते. जुन्या मध्य प्रदेशाने १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा मानल्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि बुऱ्हाणपूरचा मराठी माणूस घर न सोडता अल्पभाषिक ठरला.

काँग्रेसने १९२० मध्ये नागपुरास भाषावार समित्यांचे तत्त्व स्वीकारले. १९४९ मध्ये तिच्याच नेहरू-पटेल-पट्टाभी समितीने भाषावार प्रांत लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट व शेतकरी कामगार पक्ष १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले. जनसंघ तत्त्वतः एककेंद्री शासनाचा पुरस्कर्ता. वाद रंगला तो सीमारेषेचा. रेषेपलीकडे उरणाऱ्यांचा प्रश्न मागेच पडला.

त्यांच्या वाट्यास आले घटनेचे कलम ३५०-अ. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. परंतु १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेपासून कसोटी आहे ती संख्येची: वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले. लहान शाळेत नऊ पालकांनी मराठीचा आग्रह धरला आणि दहाव्याने नोकरीकडे पाहून हिंदी शाळा पत्करली, तर नऊ मुलांचा दावा बुडतो. त्या दहाव्या बापाला तरी दोष कसा द्यावा? भाषिक अल्पसंख्याकांचा विशेष अधिकारी राष्ट्रपतींना अहवाल देतो. राज्याला हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही.

तेव्हा मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक पक्षाला बुऱ्हाणपूरकराने एवढेच विचारावे, की पहिलीच्या मराठी वर्गासाठी मुलांची नावे शाळा उघडण्यापूर्वी नोंदवून घेण्याची वही कोण ठेवणार?