पाडव्याचा नेम : पावलापावलाने

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. दारी गुढी उभारून, कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, चिंच, ओवा नि मिऱ्यांसह मुखी घालून, पंचांगश्रवण करून आपण नव्या संवत्सरात प्रवेश करतो. याच दिवशी घरोघरी संकल्पही सोडले जातात. कोणी पहाटे चारला उठण्याचा, कोणी नित्य गीतेचा अध्याय वाचण्याचा, कोणी अकरा माळा जपाचा नेम धरतो. रामनवमीपर्यंत उत्साह टिकतो. हनुमान जयंती होते, वैशाखाचे ऊन तापू लागते आणि गुढीवरल्या फुलांप्रमाणे तो नेमही सुकून जातो.

असे का व्हावे? भक्ती उणी पडते म्हणून नव्हे. ओझे एकदम उचलले जाते म्हणून. ‘पाडवा’ हा शब्द ‘प्रतिपदा’ या शब्दाचेच मराठी रूप. आणि त्यात ‘पद’ आहे, म्हणजे पाऊल आहे. उडी नव्हे.

आयुर्वेदाने हे मर्म फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. अंगवळणी पडलेली अहितकारक सवयसुद्धा एकाएकी सोडू नये, असे चरकसंहितेचे व वाग्भटाचे सांगणे आहे. वाईटाचा चतुर्थांश सोडावा, त्या जागी चांगल्याचा चतुर्थांश घ्यावा, मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत आणि मग पुढचा पाद उचलावा. घाईने केलेला पालट शरीराला मानवत नाही. जे देहाचे तेच मनाचे. पतंजलींच्या मते अभ्यास दृढ होतो तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केल्यामुळे. फार मोठा केल्यामुळे तो दृढ होतो, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

आता धर्मशास्त्र पाहा. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० साली पूर्ण केलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथात चैत्र प्रतिपदेपासून प्रपादान सांगितले आहे. प्रपा म्हणजे पाणपोई. उन्हाळ्याच्या दिवसांत वाटसरूंना पाणी पाजण्याचे हे व्रत चार महिन्यांचे. पण ज्याला पाणपोई घालणे परवडत नाही त्याने काय करावे? त्याने रोज पाण्याने भरलेला एक कुंभ दान द्यावा, असे शास्त्रकार सांगतात. किती कनवाळू दृष्टी आहे ही! अशक्ताला व्रतातून वगळले नाही. व्रतच त्याच्या हाताला पेलेल एवढे केले.

आमच्या शहापूर-मुरबाडच्या मुलुखात या व्रताचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. तानसा धरण १८९२ साली बांधून पुरे झाले. पुढे वैतरणा आणि भातसाही आली. शहापूर तालुक्याच्या डोंगरांत अडलेले पाणी मुंबापुरीची तहान भागवते. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते. डोईवर हंडे घेऊन उन्हातून येणारी माउली पाहिली की एका कुंभाचे मोल कळते. पाडव्यापासून ओटीवर झाकलेला माठ व भांडे ठेवावे, येणाऱ्याजाणाऱ्यास विचारून पाणी द्यावे, अंगणात पाखरांसाठी परळ भरावा. एवढा नेम ज्या घरी चालतो तेथे प्रपादान चाललेच आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी येथून कितीतरी कर्ती माणसे अंधारातच कसारा लोकल गाठतात. मुरबाडकरांना तर कल्याणपर्यंत एस. टी.चा प्रवास करून पुढची गाडी पकडायची असते. रात्री परतल्यावर त्यांनी पारायणाला बसावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्यांच्यासाठी हिशेब मांडून पाहू. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. गीतेचे श्लोक ७००. नित्य दोनच श्लोक वाचले तरी ३५० दिवसांत, म्हणजे पुढच्या पाडव्याच्या आत गीता पूर्ण होते. समर्थांचे मनाचे श्लोक २०५. रोज एक म्हटला तर अधिकमास नसलेल्या वर्षी चैत्र प्रतिपदेला आरंभ केलेला पाठ ऐन दिवाळीत पुरा होतो. दोन श्लोकांना किती वेळ लागतो? चुलीवरचा चहा उकळेपर्यंतचा!

मुरबाड आणि जुन्नर तालुक्यांच्या सीमेवर, नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. ज्यांच्या नावाशी परंपरेने आपला शालिवाहन शक जोडला, त्या सातवाहनांच्या काळी जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक सांगतात. रांजण एका व्यापाऱ्याच्या थैलीने भरत नसतो. घाट चढून येणारा प्रत्येक जण एकेक नाणे टाकीत जातो.

नेम धरताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, नेम एकच असावा आणि आजारपणातही निभेल इतका लहान असावा. दुसरी, तो रोजच्या ठरलेल्या कामाला बांधावा. सांजवात लावली की एक अभंग, ताटावर बसले की गाईचा किंवा काकबळीचा घास, अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी थोरांस नमस्कार. काम आठवण करून देते. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. तिसरी, तीन महिने नीट चालल्याखेरीज त्यात भर घालू नये. आषाढी एकादशी ही त्या तपासणीला उत्तम तिथी.

आणि नेम मोडला तर? कीर्तनानंतर गावोगावच्या मायबहिणी हाच प्रश्न विचारतात. घरात आजारपण निघाले, भातलावणीची घाई आली, सुतक आले, चार दिवस खंड पडला; मग ‘आता मोडलाच आहे’ म्हणून देव्हाऱ्यासमोर बसायचीही लाज वाटते. खरा घात येथे आहे. चार दिवसांचा खंड भरून निघतो. पण त्या लाजेपोटी कित्येकांचे वर्षच्या वर्ष रिकामे जाते. भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला अभय दिले आहे की या मार्गावर आरंभिलेले काही वाया जात नाही, थोडेसे आचरणही मोठ्या भयातून तारते. आपण संकल्पात ‘यथाशक्ति’ हा शब्द उच्चारतो तो उगाच नव्हे. चुकलेल्या दिवसांची दुप्पट भरपाई करू नये. जेथे राहिले तेथून पुढचा श्लोक म्हणावा, इतकेच.

पाडव्याची गुढी सायंकाळी उतरते. तिच्याबरोबर नेम उतरू नये. कडुनिंबाचे पान आपण मूठभर खात नाही, चिमूटभरच खातो. पण त्या चिमटीत वर्षभराच्या आरोग्याची प्रार्थना असते. वाचकहो, यंदाच्या प्रतिपदेला नेमही असाच चिमूटभर घ्या. तो पुढल्या पाडव्यापर्यंत आपल्या घरी नांदो.