उन्हाळा झोपून काढणारी कळलावी

जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरतात आणि काटवल, तरोटा, वास्ते यांचे फोटो पेपरांत झळकतात. त्याच दिवसांत पूर्व विदर्भातल्या पानझडी जंगलाच्या कडेला, झुडपांवर चढून, कळलावी फुललेली असते. ती भाजी नव्हे. पण गोंदियाच्या अंगणात, सांदवाडीच्या कुंपणावर तिला जागा मिळायलाच हवी.

पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. फूल उमलताना हिरवट-पिवळं, मग नारिंगी, शेवटी लालभडक. पानाचं टोकच वळून आधाराला वेटोळं घालतं, म्हणून काटक्यांचं कुंपण तिला पुरतं.

तिची खरी करामत जमिनीखाली आहे. पाऊस ओसरला की वेल वाळून जातो आणि नांगराच्या फाळासारखा दुबेळक्याचा कंद मातीत झोपतो. मे महिन्याच्या उन्हात तिथे काहीच दिसत नाही. अनेक जण इथेच घाबरून पाणी घालतात आणि कंद कुजवतात. झोपलेल्या कंदाला पाणी नको.

लावणी पावसाच्या तोंडावर करावी. कंद आडवा, दोन-तीन इंच खोल ठेवावा. अंकुर फक्त टोकाला असतो. ते टोक मोडलं तर तो भाग पुन्हा फुटत नाही. धानाच्या बांधीसारखी पाणी धरणारी जमीन तिला मानवत नाही. उंचवट्यावर, वाळू आणि पालापाचोळ्याचं खत मिसळलेल्या मातीत ती रमते. दरवर्षी जुना कंद आटतो आणि नवा तयार होतो.

आता विषाबद्दल, कारण त्यात गुळमुळीतपणा चालणार नाही. कंद, बिया, पानं, सगळ्यांत कोल्चिसिन असतं. रताळं समजून कंद खाल्ल्याने श्रीलंकेत आणि भारतात माणसं दगावली आहेत. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अवयव निकामी होतात. वाचलेल्यांचे केस गळतात. म्हणून लहान मुलं, गुरं असतील तिथे ती लावूच नये, कंद हातमोजे घालून हाताळावा आणि रताळ्याच्या वाफ्याजवळ तर अजिबात नको.

हेच कोल्चिसिन वातरक्तावरचं औषध आहे. त्याने वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट होतात, हे १९३७ मध्ये सिद्ध झालं आणि त्यातूनच पुढे बिनबियांचं कलिंगड आलं. तामिळनाडूने कळलावीला राज्यपुष्प केलं. तिथले शेतकरी औषधी बियांसाठी तिची शेती करतात, हाताने परागीभवनही करतात.

विदर्भात मात्र ती अजून जंगलातून उपटूनच आणली जाते, आणि हे थांबायला हवं. अभयारण्यातून कंद खणणं हा गुन्हा आहेच, शिवाय एक कंद उपटला की तो वेल तिथून कायमचा जातो. बियांपासून फुलं यायला तीन-चार पावसाळे लागतात, त्यामुळे ते काम रोपवाटिकांनीच करावं. वनमहोत्सवात गुलमोहर वाटण्यापेक्षा विषाची चिठ्ठी लावलेले कळलावीचे कंद मागणाऱ्या प्रौढांना द्यावेत.