खेळाडूंचं निवासी केंद्र: आत काय असतं आणि आईनं काय विचारावं

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आमच्या गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न सारखा येतो. पोरगी पळण्यात चांगली आहे, शाळेतले सर म्हणतात निवासी प्रशिक्षणाला पाठवा, तर पाठवावं का? एका गावात हाच प्रश्न एका हाताने दिव्यांग असलेल्या मुलीबद्दल निघाला, तेव्हा बैठक जरा वेळ गप्पच झाली. अशा मुलीसाठीही मोठी केंद्रं असतात हे बऱ्याच जणींना ठाऊक नव्हतं. म्हणून जगातलं एक नावाजलेलं केंद्र आतून कसं चालतं ते आज सांगतो.

हे केंद्र अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाच्या शहरात आहे. पूर्वी तिथे हवाई दलाचा तळ होता. १९७७ साली त्या जागेवर ऑलिंपिकच्या खेळाडूंसाठी केंद्र सुरू झालं. आवार साधारण ३५ एकरांचं. पाचशेहून जास्त खेळाडू आणि प्रशिक्षक एका वेळी राहू शकतील एवढ्या खोल्या, पन्नास मीटरचा पोहण्याचा तलाव, नेमबाजीची मोठी इमारत, व्यायामशाळा, दवाखाना, खानावळ. काही खेळाडू तिथे वर्षानुवर्षं राहतात, काही संघ दोन-तीन आठवड्यांच्या शिबिराला येऊन जातात. त्यांचंच दुसरं केंद्र सॅन दिएगोजवळ चुला व्हिस्टाला होतं. ते १९९५ साली उघडलं आणि २०१७ साली तिथल्या नगरपालिकेकडे गेलं.

आता जागा हीच का? तर उंचीमुळे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. हे अख्खं शहर त्याहून उंच, १,८०० मीटरच्या वर वसलंय. उंचावर हवा विरळ असते, दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो. मग मूत्रपिंडातून शरीराला निरोप जातो, की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवा. काही आठवड्यांत त्या वाढतात आणि खेळाडू खाली सपाटीवर उतरला की त्याचा दम जास्त टिकतो.

आपला बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, २०२२ साली याच शहरात सराव करत होता. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतलं. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदानं!

पण नुसत्या उंचीनं काही होत नाही, आणि हा भाग तायांनो नीट ऐका. तांबड्या पेशी करायला लोह लागतं. अंगात लोहच नसेल तर डोंगरावर महिनाभर राहूनही उपयोग नाही. म्हणून उंचावर नेण्याआधी खेळाडूंचं रक्त तपासतात, मुलींचं तर हमखास, कारण पाळीत लोह जातं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे सरकारी पाहणीच सांगते. तेव्हा पोरगी पळताना लवकर दमते म्हणून तिला आळशी ठरवण्याआधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघून घ्या. हे काम अमेरिकेशिवाय होतं.

खानावळीचंही तसंच. तिथे आहारतज्ज्ञ असतात आणि कुस्तीगिराचं ताट वेगळं, लांब पळणारीचं वेगळं. सरावानंतर लगेच खाणं, पुरेशी झोप आणि ठरलेली विश्रांती हा सरावाचाच भाग धरतात. आपल्याकडे मुलगी मैदानावरून आली की आधी धुणीभांडी आणि मग उरलंसुरलं जेवण. बोलायला कडू आहे, पण घरोघरी दिसतं.

आता दिव्यांग खेळाडूंबद्दल. त्यांची ऑलिंपिकसारखी स्पर्धा म्हणजे पॅरालिंपिक. ती १९६० साली रोममध्ये सुरू झाली. भारताचं त्यातलं पहिलं सुवर्ण आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ साली जर्मनीत पन्नास मीटर पोहण्यात पहिला आला. सांगलीच्याच सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसला गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक आणलं. त्यांचा गट एफ ४६, म्हणजे हाताचं अपंगत्व असणाऱ्यांचा. अपंगत्वाचा प्रकार आणि प्रमाण तपासून असे गट पाडतात, म्हणजे बरोबरीचे बरोबरीच्यांशी खेळतात.

कोलोरॅडोत हे खेळाडू त्याच तलावात पोहतात आणि त्याच खानावळीत जेवतात. मात्र त्यांच्या गरजा ओळखाव्या लागतात. व्हीलचेअरवरच्या खेळाडूचे खांदे खेळतातही आणि दिवसभर चालण्याचं कामही करतात, त्यामुळे त्यांना विश्रांती जास्त हवी. मणक्याला मोठी इजा झालेल्याला इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, म्हणून उन्हात अंग पटकन तापतं. कृत्रिम पाय लावणाऱ्याच्या उरलेल्या पायाला जखम झाली तर सराव थांबवावाच लागतो. धावणाऱ्या अंध मुलीच्या हाताला दोरी असते, दुसरं टोक वाटाड्याच्या हातात. मग खोली, जेवण आणि सराव त्या वाटाड्यालाही द्यावा लागतो.

मान मात्र उशिरा मिळाला. तिथल्या समितीच्या नावात पॅरालिंपिक हा शब्द २०१९ साली आला. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ऑलिंपिकच्या सुवर्णाला ३७,५०० डॉलर आणि पॅरालिंपिकच्या सुवर्णाला ७,५०० डॉलर बक्षीस होतं. २०१८ साली ते सारखं केलं.

एवढं ऐकून वाटेल, पाठवा की मग. थांबा. याच देशात टेक्सासमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या मुलींचं दुसरं एक केंद्र होतं, जंगलात आडबाजूला. फोन धड लागायचा नाही, आईवडिलांना राहायला परवानगी नव्हती. संघाचा डॉक्टर लॅरी नासर तिथे आणि इतर ठिकाणीही उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत राहिला. काही मुलींनी १९९७ पासूनच मोठ्या माणसांना सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही, कारण डॉक्टर मोठा आणि पदकं येत होती. २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून जास्त जणी कोर्टात उभ्या राहून बोलल्या. त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, ते केंद्र बंद झालं, आणि ऑलिंपिक समितीच्या प्रमुखालाही पद सोडावं लागलं.

त्यानंतर तिथे नियम झाले. अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी मोठ्या माणसानं एकट्यानं बोलायचं तर दुसऱ्यांना दिसेल आणि मध्ये येता येईल अशा जागी. तक्रार खेळाच्या संघटनेकडे नाही, स्वतंत्र संस्थेकडे करायची. आमच्या मते इमारत आणि तलाव बघण्याआधी हेच बघावं.

तेव्हा केंद्र कुठलंही असो, जाऊन विचारा. मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई अधीक्षक असते का? मालिश आणि तपासणी कोण करतं, तेव्हा दुसरी बाई हजर असते का? घरी फोन कधी करता येतो? न कळवता भेटायला आलो तर चालेल का? दुखापत झाली तर खर्च कोणाचा आणि शाळा कशी चालू राहते? मुलगी दिव्यांग असेल तर संडास-न्हाणीत स्वतः जाऊन बघा, उंबरा आहे का, धरायला दांडी आहे का, व्हीलचेअर आत वळते का. विचारल्यावर कोणी चिडलं तर तेही ध्यानात ठेवा.

आणि मुलीला जाण्याआधी एक नंबर पाठ करून द्या, १०९८. हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत, आणि तो लावायला कोणाची परवानगी लागत नाही हेही तिला सांगा.