आधी वही, मग संगणक

उमेदीची वर्षे बँकेत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्यांत. खातेवही आणि कथा यांची सांगड कधी घालावी लागेल, असे मात्र स्वप्नातही आले नव्हते. ती घालायला लावली माझ्या नातवाने.

दहावीच्या सुटीत त्याने ‘आरपीजी मेकर’ हे जपानी सॉफ्टवेअर घेतले. १९९२ पासून त्याच्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. गावे, पात्रे, संवाद आपण रचायचे आणि खेळणाऱ्याने नायक होऊन त्या जगात हिंडायचे, असा हा प्रकार. विषय त्याने घरचाच निवडला, आपले लोणार. “आबा, त्यात सगळं तयारच असते, फक्त मांडायचं,” तो म्हणाला.

चार महिन्यांनी पाहतो तर संगणकावर कापड टाकलेले! ४० नकाशे, ७० पात्रे आणि शेवटाचा पत्ता नाही. “मला नाही जमत काही,” एवढेच तो बोलला. माझ्या पोटात कालवले. सहाशे पानांवर सोडलेली माझी पहिली कादंबरी अजून माळ्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी चौकटीची वही घेऊन आम्ही लोणारला गेलो. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, सगळे काढायला गेलो तर जन्म पुरायचा नाही. तीनच जागा घेतल्या: गोमुखाची धार, उतरण आणि पाण्याकाठचे कमळजादेवीचे मंदिर. नकाशा आधी कागदावर, हा पहिला धडा.

दुसरा धडा जर-तरचा. या सॉफ्टवेअरात ‘स्विच’ असतो आणि ‘व्हेरिएबल’ असतो. स्विच म्हणजे व्हाउचरवरची सही, आहे किंवा नाही. व्हेरिएबल म्हणजे खात्यातली शिल्लक, सारखी बदलणारी. पुजाऱ्याशी बोलणे झाले तरच वाट उघडायची असेल आणि तो स्विच लावायचा राहिला, तर खेळणारा तिथेच अडकतो. बँकेत एका रुपयाचा फरक निघाला, तरी आम्ही एकेक नोंद पडताळत बसत असू. इथेही तेच.

तिसरा धडा गोष्टीचा. विष्णूने लवणासुराला मारले, ही कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक. मी विचारले, “पण लवणासुराला हवं काय होतं?” पोरगा गप्प झाला. त्याच्या सत्तर पात्रांपैकी एकालाही काही नकोच होते! ‘टू द मून’ हा २०११ चा खेळ याच सॉफ्टवेअरवर झाला. त्यात लढाई जवळजवळ नाहीच. मरणाच्या दारातल्या एका म्हाताऱ्याला चंद्रावर जायचे असते, एवढ्यावर तो उभा आहे.

जावास्क्रिप्ट वगैरे नंतर शिकता येते. नव्या आवृत्त्यांत साध्या खेळाला ती लागत नाही. पण लहानसे काही पुरे करण्याची सवय आधी लागते.

दिवाळीत दहा मिनिटांचा खेळ तयार झाला. आजी खेळायला बसली, दोनदा अडकली. न सांगता, न रागावता नातू शेजारी बसून वहीत टिपत राहिला. हा चौथा धडा त्याचा त्यालाच सापडला.

मी माळ्यावरचे गाठोडे खाली काढले आहे. “आबा, यातली कोणती चार माणसं ठेवायची?” असे तो रोज विचारतो.